खाण, भिंतीची भेग आणि ‘सर्वप्रथम’ हा शब्द

पन्हाळा तालुक्यातील एका शेतकरी वाचकांचे सहा पानी पत्र आले आहे. घरापासून ‘हाकेच्या अंतरावर’ असलेली दगडखाण आणि तिला लागून खडी क्रशर, मार्च २०२२ मध्ये उडालेला पहिला सुरुंग, त्याच वर्षी जुलैत माजघराच्या भिंतीला गेलेली भेग, उन्हाळा सरण्याआधीच तळ गाठणारी विहीर, उसाच्या पानांवर बसणारा करडा थर, तहसील कार्यालयात दिलेले अर्ज, आणि सप्टेंबर २०२३ पासून दिवाणी न्यायालयात पडून असलेला मनाई हुकमाचा दावा, असा त्याचा गोषवारा आहे. त्यांचे विचारणे असे की, कोल्हापुरात आता उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, तर तेथे जनहित याचिका दाखल करून खाण बंद करता येईल काय. भुदरगड, शाहूवाडी, करवीर, हातकणंगले अशा सगळीकडून थोड्याफार फरकाने हेच पत्र मला येत असते, त्यामुळे सुरुंगाने घर हादरते आणि धुळीने छाती भरते हे पटवून देण्यात मी जागा घालवणार नाही. ते आपल्याला माहीत आहे, खाणमालकाला माहीत आहे आणि तहसीलदारांनाही माहीत आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पाचव्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखे आले आहे: “दावा या कोर्टात चालत नाही असा एक अर्ज मालकाच्या वकिलांनी दिला आहे, तोही पेंडिंग आहे.” हा अर्ज आपण किरकोळ समजलात. माझ्या मते आपले संपूर्ण प्रकरण त्या अर्जात अडकलेले आहे, आणि तो निकाली काढण्याची घाई मालकाला का नाही, हे आपल्या लक्षात आले असते तर हे पत्र आपण दोन वर्षांपूर्वी लिहिले असते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० सालचा आहे. त्याच्या कलम २९ अन्वये, ज्या पर्यावरणीय नुकसानीबद्दल हे न्यायाधिकरण, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो तो, भरपाई किंवा पूर्वस्थिती करून देण्याचा आदेश देऊ शकतो, त्या नुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयाला ऐकता येत नाही. मालकाचा अर्ज बहुधा याच आधारावर, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली, दावाच नामंजूर करावा म्हणून आहे. आता दुसरी बाजू पाहा. लवादाकडे भरपाई मागण्याची मुदत त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये दिली आहे, आणि ती भरपाईचे कारण ‘सर्वप्रथम’ उद्भवल्या दिवसापासून पाच वर्षे अशी आहे. त्यापुढे पुरेसे कारण दाखवल्यास लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो, त्याहून एक दिवसही नाही. पहिला सुरुंग मार्च २०२२ मध्ये उडाला असेल, तर पाच वर्षे मार्च २०२७ मध्ये संपतात. जून २०२७ मध्ये दिवाणी न्यायालयाने “हा विषय आमचा नाही, हरित लवादाकडे जा” असे म्हटले, तर आपण लवादाच्या बंद दारासमोर उभे असाल. मालकाच्या वकिलांना फक्त तारखा घ्यायच्या आहेत.

आणि तारखा आपल्या न्यायालयांत मागाव्या लागत नाहीत, त्या आपोआप पडतात. आपणच लिहिता की मालकावरील समन्स ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यानिशी दोनदा परत आले. ज्याचे डंपर रोज सकाळी आपल्या दारावरून जातात त्याचा पत्ता बेलिफाला सापडला नाही, पुढे न्यायाधीशांची बदली झाली, आणि निशाणी ५ च्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर अडीच वर्षांनंतरही आदेश नाही. यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. परंतु दावा दाखल करण्यापूर्वी कलम २९ एकदा वाचले गेले असते, तर ही अडीच वर्षे वाचली असती, हे मला लिहावेच लागेल. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वजा होतो, असे आपल्याला कोणी सांगेल. हरित लवादाचा कायदा स्वतःची मुदत आणि उशिराच्या माफीची मर्यादा स्वतःच ठरवतो, त्यामुळे ही वजावट मिळेलच असे गृहीत धरून एक आठवडासुद्धा घालवू नये.

‘सर्वप्रथम’ या शब्दावर थोडे थांबू, कारण “सुरुंग तर रोज उडतो, म्हणजे रोज नवे कारण” असा युक्तिवाद प्रत्येक अशील करतो आणि तो ऐकायला बरा वाटतो. मुदतीच्या सर्वसाधारण कायद्यात चालू राहणाऱ्या उपद्रवाला दर क्षणी नवी मुदत मिळते. हरित कायद्यात मात्र ‘सर्वप्रथम उद्भवले’ असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, आणि लवादाने त्यांचा अर्थ कडकपणे लावलेला आहे. एकच उपद्रव चालू राहणे वेगळे आणि नवे, स्वतंत्र वादकारण घडणे वेगळे, हा फरक बंगळूरच्या तलावांलगतच्या बांधकामाच्या फॉरवर्ड फाउंडेशन प्रकरणात लवादाने २०१५ साली चर्चिला आहे. आपल्या बाबतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाने क्रशरच्या संमतीपत्राचे नूतनीकरण केले असेल, खाणीचे क्षेत्र वाढले असेल, किंवा मंजुरीतील एखादी अट अलीकडे प्रथमच मोडली गेली असेल, तर ते नवे कारण ठरू शकते. ‘ठरू शकते’ असेच मी म्हणतो आहे. भरपाईचे कारण सुरुंग नसून भेग आहे आणि म्हणून पाच वर्षे जुलै २०२२ पासून मोजावीत, हा युक्तिवादही करता येईल, आणि वेळ आली तर करावाच लागेल. पण समोरचा पक्ष मार्च धरणार, म्हणून अर्ज दाखल करताना आपणही मार्चच धरावा.

पाच वर्षांची ही खिडकी सोडली तर बाकीच्या दोन केव्हाच बंद झाल्या आहेत. खाणीला मिळालेल्या पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध हरित कायद्याच्या कलम १६ खाली अपील करायचे तर ती कळल्यापासून ३० दिवस, आणि माफी धरून जास्तीत जास्त आणखी ६०. “मला मंजुरी कधी कळलीच नाही” हे उत्तर पुरत नाही. सेव्ह मोन रीजन फेडरेशन प्रकरणात लवादाने २०१३ सालीच सांगितले आहे की, मंजुरी लोकांना कळवण्याचे काम मंत्रालय, प्रकल्पधारक, स्थानिक संस्था अशा अनेकांवर सोपवलेले असले तरी त्यांपैकी ज्याने ते सर्वांत आधी पूर्णपणे केले, त्या दिवसापासून दिवस मोजायचे. वर्तमानपत्रातील जाहिरात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवलेली प्रत पुढे कुठून तरी निघतेच. खाण थांबवण्याचा वाद म्हणून त्याच कायद्याच्या कलम १४ खाली जायचे तर मुदत सहा महिने अधिक ६० दिवस होती. तीही २०२२ सालीच गेली, आणि त्या वेळी आपण तहसील कार्यालयात अर्ज देत होता. त्या अर्जांची पोच घेतलेली नाही, असेही आपण लिहिता. चार अर्ज, दोनदा लोकशाही दिन, आणि आवक शिक्का असलेला एकही कागद घरात नाही! शासकीय कार्यालयात कागद देऊन पोच न घेणे म्हणजे कागद न देणे, हे शेतीची कर्जप्रकरणे करणाऱ्या माणसाला मी सांगावे लागू नये.

कलम १५ मात्र उघडे आहे, आणि ते केवळ पैशांपुरते नाही. बाधित व्यक्तीला भरपाई, नुकसान झालेल्या मालमत्तेची पूर्वस्थिती आणि पर्यावरणाची पूर्वस्थिती, हे तिन्ही आदेश त्यात बसतात. विहीर आणि भिंत पहिल्या दोहोंत येतील. पूर्वस्थिती करून द्यायची म्हटले की नुकसान करणारे काम तसेच चालू कसे ठेवता येईल, हा प्रश्न लवादासमोर ठेवता येतो, आणि सुरुंगावर निर्बंध मिळण्याची वाट तेथून निघते. खाण कायमची बंद होईल असे आश्वासन मी देणार नाही. तशा मागणीला ‘हे कलम १४ चेच प्रकरण, वेश बदलून आलेले’ अशी हरकत येणार हे धरून चालावे.

या ठिकाणी आणखी एक चूक बहुतेक जण करतात. अर्जाची दहा पाने मालकाने किती ब्रास दगड चोरून काढला, स्वामित्वधन (रॉयल्टी) किती बुडवले आणि विनापास गाड्या किती गेल्या यावर खर्च होतात. हे सगळे खरे असेल, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९५७ चा खाण व खनिज कायदा आणि गौण खनिजांचे २०१३ चे नियम हे हरित कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाहीत. त्या अनुसूचीत सातच कायदे आहेत, आणि त्यांपैकी आपल्या कामाचे तीन: १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. स्वामित्वधनाची चोरी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे न्यावी; लवादासमोर मंजुरीतील अटी, संमतीपत्रातील अटी, धूळ, पाणी आणि हादरे एवढेच मांडावे. ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने झालेली खाणीची मोजणी हाती आली आणि परवानगीपेक्षा जास्त खोली दिसली, तर ती पर्यावरणीय अटीचा भंग म्हणून वापरावी, महसुलाचा म्हणून नव्हे.

सर्किट बेंचबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत कामकाज सुरू झाले, आणि त्यासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी व पक्षकारांनी किती वर्षे वाट पाहिली हे मला कोणी सांगायला नको, मी त्या साखळी उपोषणांत बसलेलो आहे. मुंबईचा प्रवास वाचला याचा आनंद मलाही आहे. परंतु जवळ आले म्हणून ते प्रत्येक दुखण्याचे औषध होत नाही. हरित लवादामुळे उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संपलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे, म्हणजे याचिका दाखल करता येईल. पण पहिला प्रश्न येईल, “पर्यायी उपाय असताना येथे का?”, आणि दुसरा येईल, “चार वर्षे काय करत होता?” या दुसऱ्याचे उत्तर आपल्याकडे पोच नसलेले अर्ज हे आहे. शिवाय भिंतीची भेग सुरुंगाने पडली की मातीने, असा वस्तुस्थितीचा वाद रिट याचिकेत सहसा सोडवला जात नाही. मंडळ किंवा जिल्हाधिकारी आपल्या तक्रारीवर निर्णयच देत नसतील, तर तेवढ्यापुरता आदेश मागण्यास बेंच योग्य आहे. मूळ दाद हरित लवादाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय पीठाकडेच न्यावी. पत्र लिहूनही लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो, आणि त्या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली शिक्कामोर्तब केले आहे, हेही खरे. मात्र पत्राची दखल घेतली जाण्याची वाट पाहताना मार्च उलटला, तर त्याची जबाबदारी कोणी घेणार नाही.

शुल्काची चिंता करू नये. भरपाई मागितल्यास रकमेच्या एक टक्का आणि किमान हजार रुपये असे ते आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही.

आपण एक गोष्ट थोडी दबकत लिहिली आहे. खाणीला ‘ना हरकत’ देणाऱ्या ग्रामसभेच्या हजेरीत आपलीही सही आहे. त्या वेळी रस्ता करून देण्याचे आश्वासन होते वगैरे मी समजू शकतो. या सहीमुळे आपला भरपाईचा हक्क जात नाही, कारण कायद्याने घातलेली अट मोडण्यास गावाचा ठराव परवानगी देऊ शकत नाही. तिचा उपद्रव वेगळा आहे: आपल्याला खाणीची माहिती कोणत्या दिवशी होती, याचा पुरावा समोरच्याला आयता मिळतो. म्हणूनही तारखेशी खेळ करू नये, आणि ही सही अर्जात आपणहून सांगावी.

आता पुराव्याकडे, कारण मुदत सांभाळली तरी प्रकरण येथे हरले जाते. ‘हाकेचे अंतर’ लवादाला समजत नाही, तेथे मीटर लागतात. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खाणीच्या कडेपासून घराच्या जोत्यापर्यंतचे अंतर नकाशावर घ्यावे. सुरुंग उडवल्या जाणाऱ्या खाणींना वस्तीपासून २०० मीटर अंतर असावे अशी शिफारस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली लवादासमोर केली होती. तिच्या अंमलबजावणीवर पुढे वाद झाले, म्हणून माझा भर तिच्यावर नाही, तर आपल्या खाणीच्या मंजुरीपत्रात आणि संमतीपत्रात कोणते अंतर लिहिले आहे त्यावर आहे. ही दोन्ही पत्रे, सहामाही अनुपालन अहवाल आणि खाणकाम आराखडा माहिती अधिकारात मागवावा. दहा रुपयांचे शुल्क आणि ३० दिवसांची मुदत आहे, नकार आला तर पहिले अपील, आणि हे सर्व मार्चच्या आत बसवायचे असल्याने अर्ज याच आठवड्यात जावा. पुष्कळशी मंजुरीपत्रे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावरही सापडतात. तहसीलच्या आवक नोंदवहीतील २०२२ च्या नोंदींची प्रतही मागावी, त्यात आपले अर्ज सापडले तर पोच नसण्याची चूक थोडीफार भरून निघेल. मंजुरीपत्र हाती येताच आधी ते कोणी दिले आणि कोणत्या दिवशी दिले हे पाहावे. जानेवारी २०१६ ते सप्टेंबर २०१८ या काळात जिल्हास्तरीय प्राधिकरणाने पाच हेक्टरपर्यंतच्या खाणींना दिलेल्या मंजुऱ्यांचे राज्य पातळीवर फेरमूल्यांकन व्हायचे होते; आपली खाण त्यात असेल आणि ते झालेले नसेल, तर चित्र बरेच बदलेल. मंजुरीच नसेल तर त्याहून जास्त, कारण पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या खाणीलाही ती लागते, हे दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ पासून ठरवून टाकले आहे.

विहिरीबाबत नुसते “पाणी आटले” म्हणून चालणार नाही. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. विहिरीच्या तळापेक्षा खाणीचा खड्डा खोल गेला की ते तिकडे पाझरू शकते, आणि हे खरे की खोटे ते पातळीच्या नोंदींवरून कळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. आपल्या पाणलोटातील विहिरीच्या २०२२ पूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी मागवाव्यात. पाऊस पुरेसा झालेल्या वर्षीही आपल्याच विहिरीची पातळी खाली राहिली असेल, तर तो आकडा दहा साक्षीदारांपेक्षा वजनदार ठरेल. खाणीच्या तळाशी पावसाळ्यानंतरही साचलेले पाणी पंपाने उपसले जात असल्यास त्याचा तारीखवार व्हिडिओ ठेवावा.

भेगेचे तसेच आहे. समोरचा पक्ष आपल्या पहिल्याच म्हणण्यात काळ्या मातीचे नाव घेईल: ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचे जोते हलते. हे म्हणणे खोटे नाही, म्हणूनच त्याची तयारी हवी. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार मालकाच्या ताब्यात नसलेल्या साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा, वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास, सेकंदाला ५ मिलिमीटर आहे, आणि वारंवारता वाढेल तशी ती १० व १५ पर्यंत जाते. सुरुंगाच्या वेळी आपल्या जोत्यावर कंपनमापक ठेवून मोजमाप करण्याचा आदेश प्रदूषण मंडळाला द्यावा, अशी अंतरिम मागणी अर्जातच असावी. तोपर्यंत घरच्या घरी करण्यासारखे एक काम आहे. भेगेवर आडवी, वीतभर लांबीची पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी, शेजारी तारीख लिहावी आणि फोटो काढावा. भिंत हलली की काच तडकते. सुरुंगाच्या दिवशी तडकली आणि दोन पंचांनी त्याच दिवशी ते पाहून सह्या केल्या, तर फुगणाऱ्या मातीला उत्तर देण्याची वेळ समोरच्यावर येते. सुरुंगांची एक वही ठेवावी, वार आणि वेळ घालून. आठवणीवर काही ठेवू नये.

दिवाणी दाव्याचे काय, तर तो आजच काढून घेऊ नये. आधी लवादात अर्ज दाखल व्हावा, त्यात या दाव्याचा उल्लेख स्पष्ट असावा, आणि मगच भरपाई व प्रदूषणाचा भाग नव्याने दाद मागण्याची मुभा राखून मागे घ्यावा. मालकाने आपल्या गटाच्या हद्दीत अतिक्रमण करून दगड काढल्याचेही आपण म्हणता. तो भाग खरोखरच दिवाणी न्यायालयाचा आहे आणि तेथे राहू शकतो. दावा चालवणाऱ्या वकिलांशी हे बोलून घ्यावे, त्यांना डावलून करू नये.

राहता राहिला आपला आणखी एक प्रश्न, जो पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून आला आहे: गणपतीपूर्वी घराला रंग द्यायचा आहे, तर गवंडी बोलावून भेगा बुजवून गिलावा करून घ्यावा काय. नाही. माजघरातील भिंत जशी आहे तशी राहू द्यावी. स्थापत्य अभियंत्याकडून प्रत्येक भेगेची लांबी-रुंदी मोजून, फोटोसह सहीनिशी अहवाल होईपर्यंत तिला चुन्याचा हातसुद्धा लावू नये. छत धोकादायक वाटत असेल तर आतून टेकू द्यावा, आणि गणपती या वर्षी सोप्यात बसवावा.